मालतीच्या पिल्लांच्या सोयरिकी

"घरी फरशी कोणती आहे?"

पिल्लासाठी फोन करणाऱ्या प्रत्येकाला बाई हा प्रश्न पहिला विचारत. नाव नाही, गाव नाही, कोण बोलतंय नाही. समोरचा माणूस गडबडून जाई. त्याने मनात वेगळीच तयारी केलेली असे. पिल्लू नर आहे की मादी, रंग कोणता, कधी न्यायला येऊ. आणि इकडून एकदम फरशी. एकाला तर टाइल्सच्या दुकानात फोन लागला असं वाटलं आणि त्याने सॉरी म्हणून ठेवून दिला. बाई ही गोष्ट स्वतःच सांगत आणि दर वेळी तितक्याच हसत.

जे टिकून राहात ते मोठ्या अभिमानाने सांगत, "व्हिट्रिफाइड आहे, एकदम चकाचक." आणि तिथेच फसत.

"चकाचक म्हणजे घसरते ना?" बाई म्हणत. "मंग माझं लेकरू त्याच्यावर चालन कसं? लॅब्रेडॉरचे खुबे नाजूक असतात. वाढत्या वयात रोज पाय फाकले की जल्माचं दुखणं. आधी फरशीचं काय करता ते सांगा, मंग बोलू."

बाई आमच्याच ले-आउटमध्ये, मागच्या गल्लीत राहात. शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झालेल्या. यजमान बरेच आधी गेलेले, मुलगी पुण्यात. बैठं घर, मागे ऐसपैस अंगण आणि त्यात कडुनिंब. दूधवाल्यापासून नगरसेवकापर्यंत सगळे त्यांना बाईच म्हणत. उंचीने बेताच्या, पण चालताना अशा येत की समोरचा आपोआप शर्टाचं वरचं बटण लावून घेई. तुमच्याही शाळेत अशा एक बाई असतीलच, त्यामुळे जास्त वर्णन करत नाही.

त्यांच्याकडे एक लॅब्रेडॉर होती, फिक्या बदामी रंगाची. तिचं नाव मालती. कुत्रीचं नाव मालती काहून, असं मी एकदा विचारलं तेव्हा कळलं की ते त्यांच्या शाळेतल्या जुन्या मुख्याध्यापिकाबाईंचं नाव. "त्या अशाच पाहात होत्या वं," बाई म्हणाल्या. "काही बोलत नव्हत्या. नुसत्या पाहात होत्या. आपणच मंग कबूल करून टाकत होतो." हे ऐकल्यापासून मालतीने माझ्याकडे पाहिलं की मला उगाच पदर सारखा करावासा वाटे.

बाईंची आणखी एक गंमत होती. माणसांशी त्या आपल्या नागपुरी बोलीत बोलत, आणि कुत्र्यांशी शुद्ध पुस्तकी मराठीत. मालतीला पिल्लं झाली की मागच्या अंगणातून रोज सकाळी वर्ग भरल्यासारखा आवाज येई. "रांगेत या. ढकलाढकली करू नका. प्रत्येकाला मिळणार आहे. ते कोण आहे मागे, ताटात पाय घातलेला?" मग फाटकाशी कोणी आलं की त्याच दमात, "या ना बाप्पा, बसा. काय म्हणून राहिले?"

लोक त्यांना ब्रीडर म्हणत. त्यांना तो शब्द फारसा आवडत नसे. "मी सोयरिकी जमवते," त्या म्हणत, आणि त्यात थट्टा अगदी थोडी असे. मालतीला त्या दोन वर्षांतून एकदाच विऊ देत. तेही तिची तब्येत, नवरदेवाची तब्येत, दोघांचे खुबे, दोघांचे डोळे, सगळं डॉक्टरांकडून तपासून. बाकीच्या घरात पाहुणे आले की लग्नाचा अल्बम निघतो. बाईंकडे मालतीच्या खुब्यांचा एक्स-रे निघे. तो त्या खिडकीशी उजेडात धरत आणि चष्मा वर करून म्हणत, "हा पाहा खुबा. कसा बसला आहे खोबणीत. आणि हा नवरदेवाचा, रायपूरचा. सोन्यासारखं पोरगं आहे." आम्हाला त्यातलं ओ का ठो कळत नसे. पण वा वा म्हणावंच लागे.

त्यांनी परत पाठवलेली माणसं सांगायला बसले तर दिवस पुरणार नाही.

एक साहेब आले होते. बायकोच्या वाढदिवसाला पिल्लू द्यायचंय म्हणाले, तिला ठाऊक नाही, सरप्राइज आहे. बाईंनी त्यांना पाणी दिलं, संत्र्याच्या फोडी दिल्या आणि सांगितलं, "सरप्राइज द्यायचं असन तर साडी द्या. नाही आवडली तर बदलून मिळते."

एका गृहस्थांचा मोठा बंगला होता आणि त्यांना राखणीला कुत्रा हवा होता. बाई म्हणाल्या, "भाऊ, माझं लेकरू चोर आला तर त्याले घर दाखवन. तिजोरीपर्यंत सोबत जाईन. तुम्ही दुसरं पाहा." एकाला पिल्लू अगदी लहान असतानाच हवं होतं, लळा लागतो म्हणून. त्याला त्या म्हणाल्या, दोन महिने व्हायच्या आत आईपासून उचलायचं नाही, किती जोरात चावलं म्हणजे दुखतं हे पिल्लू आई आणि भावंडांतच शिकतं. तो तरीही हट्ट धरून बसला. तेव्हा त्यांनी शांतपणे विचारलं, "तुमचं पोरगं केवढं होतं शाळेत घातलं तेव्हा?" तो गेला आणि पुढच्याच आठवड्यात बायकोला घेऊन परत आला. त्याला पिल्लू मिळालं, मालतीला पसंत पडलेल्या त्याच्या बायकोमुळे.

कारण खरी परीक्षा मालती घेई. "आधी आईले भेटा," बाई म्हणत. आलेल्या कुटुंबाने अंगणात सतरंजीवर बसायचं. मालतीला हाक मारायची नाही, चुचकारायचं नाही, बिस्किट दाखवायचं नाही. नुसतं बसायचं. मालती तिच्या सवडीने येई, कधी लगेच, कधी चहा थंड झाल्यावर. तोवर बाई स्वयंपाकघराच्या खिडकीतून पाहात. कोण मोबाइल काढतो, कोण घड्याळ पाहतो, कोण पोरांवर खेकसतो, सगळं तिथून दिसे. मुलगी पाहायला आलेल्या मंडळींना मुलीकडच्यांनीच पाहून घ्यावं तसा तो कार्यक्रम होता.

आता आमची गोष्ट.

माझा नवरा सुधाकर माझा कॉलेजातला वर्गमित्र, त्यामुळे आमच्यात अहो-जाहो नाही. तो गांधीबागेत एका ठोक कापडाच्या दुकानात हिशेब पाहतो, मी बँकेत. मुलगी नोकरीसाठी पुण्याला गेली आणि घर एकदम रिकामं झालं. सुधाकर तसा बोलका माणूस. पण संध्याकाळी आल्यावर तो तिच्या खोलीचा दिवा लावून ठेवायला लागला. मग एका उन्हाळ्यात मोबाइलवर जाहिरात पाहून त्याने कुत्र्याचं पिल्लू घ्यायचं ठरवलं. मला तेव्हा बाईंची एवढी ओळख नव्हती. विकणाऱ्याने घरचा पत्ता दिलाच नाही. उमरेड रोडवर एका पेट्रोल पंपापाशी या म्हणाला. तिथे मोटरसायकलवरून एक पोरगेला माणूस आला आणि पिशवीतून पिल्लू काढून दिलं. सुधाकरने विचारलं, याची आई कुठे आहे? तो म्हणाला, "आई गावी गेली आहे." सुधाकरला तेव्हा हे उत्तर विचित्र वाटलं नाही. पिल्लू इतकं गोड होतं की कोणालाच वाटलं नसतं.

ते आठवडाभरही राहिलं नाही. हगवण लागली, रक्त पडायला लागलं. डॉक्टरांनी सलाइन लावलं. पार्वो आहे म्हणाले, आणि वयही सांगितलं होतं त्याहून फार कमी आहे म्हणाले. सुधाकर दवाखान्यात बाकावर बसून राहिला. पिल्लू गेल्यावर त्याने व्हरांडा फिनाइलने धुतला, दुसऱ्या दिवशी परत धुतला, नंतरही धुतच राहिला. मुलीलाही त्याने कळवू दिलं नाही. आमच्याकडे पिल्लू आलंच नव्हतं असं त्याने ठरवून टाकलं होतं.

त्यामुळे हिवाळ्यात एके दिवशी, बाईंकडे फोन केला होता, असं तो म्हणाला तेव्हा मी हातातलं काम सोडून त्याच्याकडे पाहिलं. ले-आउटच्या गणपतीत कोणाकडून तरी त्याने ऐकलं होतं की बाई आई दाखवतात. "त्या आई दाखवतात," एवढंच तो मला दोनदा म्हणाला.

पहिल्या भेटीत तो मांडी घालून सतरंजीवर बसला. त्याचे गुडघे आधीच कुरकुरणारे. मालती त्या दिवशी नेमकी कडुनिंबाखाली झोप काढत होती. चहा आला, थंड झाला. सुधाकर हलला नाही. मालती उठली, अंग झाडलं, आमच्याभोवती एक चक्कर मारली आणि येऊन त्याच्या मांडीवर हनुवटी टेकवून परत झोपली. मग ती उठेपर्यंत त्यालाही उठता येईना. शेवटी त्याचे पाय इतके बधीर झाले की बाईंनी आणि मी एकेक हात धरून त्याला उभं केलं. "हे पाहुणे मालतीले पसंत आहेत," बाई म्हणाल्या. "आता मी घर पाहाले येते."

इथून सुधाकरचं डोकं फिरलं.

आमच्याकडे व्हिट्रिफाइड टाइल्स. मुलीच्या दहावीच्या वर्षी हौसेने बसवलेल्या, चकाचक. बाई रविवारी येणार होत्या. शनिवारी संध्याकाळी एक छोटा हत्ती टेम्पो दारात उभा राहिला आणि त्यातून दोन माणसांनी हिरव्या गालिच्यांच्या गुंडाळ्या उतरवल्या. सुधाकरने बिछायत केंद्रातून लग्नाच्या मांडवात अंथरतात ते गालिचे भाड्याने आणले होते. हॉल, बेडरूम, स्वयंपाकघर, सगळीकडे हिरवंगार. मी म्हटलं, अरे, वेडा झालास का? तो म्हणाला, "एका दिवसाचा प्रश्न आहे गं. एकदा हो म्हणू दे त्यांना."

बाई आल्या. दारात चपला काढल्या आणि आत पाऊल टाकून थांबल्या. हॉलच्या दुसऱ्या टोकापर्यंत नजर फिरवली, मग खाली वाकल्या आणि गालिच्याचा कोपरा उलटला. त्यावर पांढऱ्या रंगात बिछायत केंद्राचं नाव आणि फोन नंबर ठसठशीत लिहिलेला होता.

"वरात केव्हाची आहे?" बाईंनी विचारलं.

सुधाकरचा चेहरा पाहण्यासारखा झाला होता. बाई पाहता पाहता हसायला लागल्या, सोफ्यावर बसून हसल्या, पदराने डोळे पुसून परत हसल्या. मीही हसले. शेवटी तोही हसला. "अहो भाऊ, हे उद्या परत जाईन ना," त्या म्हणाल्या. "मंग परवा काय कराल? काथ्याच्या चटया आणा साध्या. धुता येतात, घसरत नाहीत. कुत्रं कुरतडन, ते कुरतडू द्या." मी पोहे करायला आत गेले. बाहेर त्यांचे बाकीचे प्रश्न चालले होते, दिवसा घरी कोण असतं, उन्हाळ्यात कूलर कुठे लागतो, गावाला गेलात तर कोण पाहील. मी तर्री घालून पोहे बाहेर आणले तेव्हा बाईंनी मान डोलावली आणि म्हणाल्या, "जमलं. साक्षगंध झालं समजा."

आम्ही काथ्याच्या चटया आणल्या. सुधाकर दर रविवारी पिल्लं पाहायला जाऊ लागला. आमच्या वाट्याची मादी ठरली होती, कानाशी जरा गडद रंगाची. तो दुकानातून येताना तिच्याबद्दल बोलू लागला, जेवताना बोलू लागला. मुलीच्या खोलीतला दिवा लावायचा त्याला कधीकधी विसर पडू लागला.

पाठवणीच्या दिवशी बाईंकडे खरोखरच लग्नघरासारखी गडबड असे. प्रत्येक पिल्लाबरोबर पहिल्या दिवसांचं खाणं, लसीचं कार्ड, आणि मालती ज्यावर निजत असे त्या जुन्या साडीचा एक तुकडा. आईचा वास सोबत राहतो म्हणजे पिल्लू रात्री कमी रडतं. मग बाईंचं भाषण. नाहीच जमलं तर पिल्लू दुसऱ्या कोणाला द्यायचं नाही, रस्त्यावर सोडायचं नाही, अर्ध्या रात्रीही माझ्याकडे परत आणायचं, का आणलं ते मी विचारणार नाही. हे त्या प्रत्येकाकडून तोंडाने वदवून घेत.

सुधाकर पिल्लू छातीशी धरून उभा होता. ते त्याच्या शर्टाचं बटण चघळत होतं.

"आणखी एक," बाई म्हणाल्या. "आता फक्त पहिली लस झाली आहे. बाकीच्या होईस्तोवर बाहेर जमिनीवर ठेवू नका. पार्वोचा विषाणू लय चिवट. आजारी कुत्रं जिथं राहून गेलं तिथं तो वर्ष-वर्ष टिकून राहतो."

सुधाकर म्हणाला, "घरातही?"

"घरात, अंगणात, भांड्यात. कुठंही."

"फिनाइलने धुतलं तरी?"

"फिनाइलनं नाही मरत तो." बाईंनी त्याच्याकडे पाहिलं. "काहून?"

मला कळलं आता काय होणार. अंगणात दुसरं एक कुटुंब आपलं पिल्लू घेऊन फोटो काढत होतं. सुधाकरने शर्टाचं बटण हळूच सोडवून घेतलं आणि पिल्लू बाईंच्या हातात परत दिलं.

"आमच्याकडे उन्हाळ्यात एक पिल्लू होतं," तो म्हणाला. "पार्वोनं गेलं. तुम्ही घर पाहायला आलात तेव्हा विचारलं होतं, आधी कुत्रं होतं का. मी नाही म्हणालो. खोटं बोललो."

पोहे करायला मी आत गेले तेव्हाची ही गोष्ट. मला तीही तेव्हाच कळली.

बाईंनी पिल्लाला आत नेऊन मालतीजवळ ठेवलं. परत आल्या आणि सतरंजीवर बसल्या. त्यांनी आम्हालाही बसायची खूण केली. सुधाकर रडत होता. बावन्न वर्षांचा माणूस, दुसऱ्याच्या अंगणात, परक्या लोकांसमोर. उन्हाळ्यात जे रडू आलं नव्हतं ते सगळं तेव्हा आलं. बाईंनी त्याला रडू दिलं.

"सांगितलं असतं तर मी नाही म्हणन असं वाटलं तुम्हाले?" त्यांनी विचारलं.

"हो."

"मी नाहीच म्हटलं असतं," बाई म्हणाल्या. "एका वर्षासाठी."

तो रडता रडता हसला. बाईंनी सांगितलं की लग्नात लोक मुलाचं आजारपण लपवतात तसं त्याने लपवलं, आणि आज लपवलं असतं तर हे लेकरूही गेलं असतं. हे त्यांनी रागाने सांगितलं नाही, पण मऊ करूनही सांगितलं नाही. मग म्हणाल्या, "ते पिल्लू तुमच्यानं नाही मेलं भाऊ. ज्यानं आई दाखवली नाही त्याच्यानं मेलं. पण आज हे नेता येणार नाही तुम्हाले. पुढच्या वेतातलं पहिलं तुमचं. मालतीले दम घेऊ द्या. घर मी सांगते तसं ब्लीचनं धुवा. आणि वाट पाहा."

आम्ही साडीचा तुकडाही परत देऊन रिकाम्या हाताने घरी आलो. कानाशी गडद असलेलं ते पिल्लू नंतर जरीपटका भागातल्या एका कुटुंबाकडे गेलं.

मला वाटलं होतं, सुधाकर आता त्या गल्लीतून जाणार नाही. पण पुढच्याच रविवारी तो सकाळी उठून बाईंकडे गेला. मालतीला फिरवून आणलं. मग दर रविवारी जायला लागला. बाजारातून त्यांची भाजी आणू लागला, त्यांचा कूलर बसवून दिला. फोनवर कोणी फरशीचं उत्तर चुकीचं दिलं की बाई त्याच्याकडे पाहून डोळे मिचकावत. पिल्लू मिळालं नाही तरी माणूस घरातला झाला होता.

त्या वर्षीचा तान्हा पोळा मी विसरणार नाही. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आपल्या नागपुरात मुलं लाकडी बैल सजवून मिरवतात, तुम्हाला ठाऊकच आहे. बाईंनी त्या दिवशी मालतीच्या सगळ्या व्याह्यांना आमंत्रण द्यायची पद्धत पाडली होती. मुलं लाकडी बैल घेऊन येत आणि मोठी माणसं कुत्री घेऊन. अंगणात आंब्याच्या पानांचं तोरण बांधलेलं. गळ्यात झेंडूच्या माळा घातलेली कुत्री, त्यातल्या निम्म्यांनी माळा खाऊन टाकलेल्या. एका लाकडी बैलाचं शिंग मालतीच्या थोरल्या मुलाने चघळून साफ केलं आणि बैलाचा मालक भोकाड पसरून बसला. बाई मधोमध उभ्या राहून पुस्तकी मराठीत सगळ्यांना रांगेत उभं राहायला सांगत होत्या आणि कोणीही ऐकत नव्हतं. त्यांच्या पांढऱ्या साडीवर चिखलाचे इतके पंजे उमटले होते की मूळ रंग ओळखू येऊ नये.

सुधाकरकडे खाऊ वाटायचं काम होतं. गर्दीतून एक चांगली वाढलेली मादी त्याच्यापाशी आली. तिच्या एका कानाशी गडद रंग होता. जरीपटक्याच्या त्या कुटुंबातली आजी मागून धापा टाकत आली आणि म्हणाली, "अरे भैया, इसको ज्यादा मत देना, मोटी हो रही है." सुधाकरने तिचं डोकं दोन्ही हातांत धरलं. तिच्या दातांकडे, पायांकडे, डोळ्यांकडे पाहिलं. मग त्याने मला हाक मारून जवळ बोलावलं आणि म्हणाला, "बघ, किती मस्त झाली आहे." मी त्याचा इतका खुललेला चेहरा मुलीच्या निकालाच्या दिवशीच पाहिला होता.

मालतीचं पुढचं वेत शेवटचं होतं. तिचं वय झालं होतं. त्यानंतर ऑपरेशन करून तिला बाळंतपणांतून कायमचं मोकळं करायचं असं बाईंनी डॉक्टरांना सांगून ठेवलेलं. पिल्लं झाली त्या रात्री सुधाकर तिथेच होता. पहिली जन्मली ती मादी. तीच आमची. आमच्या मुलीने पुण्याहून नाव पाठवलं, भिंगरी, आणि ते किती बरोबर होतं हे आमच्या चटयांनी आठवड्याभरात सिद्ध केलं. पाठवणीच्या वेळी बाईंनी भाषण केलंच, एक वाक्यही गाळलं नाही. सुधाकरनेही सगळं तोंडाने म्हणून दाखवलं.

त्यानंतर लगेचच बाईंच्या गुडघ्यांचं ऑपरेशन ठरलं आणि त्यांची मुलगी त्यांना पुण्याला घेऊन गेली. मालतीही सोबत गेली. एक गुडघा झाला, मग दुसरा, मग मुलगी सोडेना. फोनवर त्या भिंगरीचं वजन विचारत, चालताना मागचे पाय कसे टाकते विचारत. व्हिडिओ पाठवला की त्यावर उलट प्रश्न येत. असं वर्षाच्या वर गेलं.

पुढे पुण्यातच त्या गेल्या, झोपेत. हे इथेच सांगून टाकते, म्हणजे उरलेलं मला मोकळ्या मनाने सांगता येईल.

मधे एकदाच त्या नागपूरला आल्या होत्या, घराचं काही कामकाज होतं म्हणून, चार दिवसांसाठी. आल्या त्याच संध्याकाळी ऑटो करून आमच्याकडे आल्या. हातात काठी, चाल मात्र तीच. सुधाकर सकाळपासून भिंगरीला सांगत होता, बाई येणार आहेत, तुझ्या बाई. तिला आंघोळ घातली, केस विंचरले.

बाईंनी फाटक उघडलं आणि भिंगरी भुंकत सुटली. नुसती नाही, परक्यावर भुंकतात तशी, पाय रोवून. सुधाकर लाजेने लाल झाला. "अगं भिंगरी, बाई आहेत. बाईंवर भुंकतात का?" बाई काठी टेकत आल्या, चटईवर खुर्ची ओढून बसल्या आणि हात पुढे केला. भिंगरीने तो दुरून हुंगला, पाहुण्याचा हुंगावा तसा, शिष्टाचार म्हणून. मग वळली, सुधाकरपाशी गेली आणि त्याच्या दोन्ही पावलांवर अंग टाकून बसली. तिथून बाईंवर नजर ठेवून राहिली.

बाई भिंगरीच्या जन्माच्या वेळी रात्रभर जागल्या होत्या. पहिले दोन महिने त्यांनीच तिला हातावर वाढवलं होतं. सुधाकरने भिंगरीला पायाने हळूच पुढे ढकलायला सुरुवात केली.

"राहू द्या भाऊ," बाई म्हणाल्या. "ढकलू नका तिले."

"बाई, ती तुम्हाला विसरली," सुधाकर म्हणाला.

"मंग काय झालं?" बाई भिंगरीकडे पाहात होत्या. तिचं भरलेलं अंग, तुकतुकीत केस, सरळ ठेवलेले मागचे पाय. त्यांचे डोळे भरून आले होते आणि त्या हसत होत्या. "तिले मी कशाले आठवावं? तिले तिचं घर भेटलं."

त्यांनी चहा घेतला, पोहे घेतले, भिंगरीला दोन पावलं चालवून दाखवायला सांगितलं आणि खुब्यांवर समाधान व्यक्त केलं. निघताना मी नमस्कार केला तेव्हा त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला आणि जरा वेळ ठेवूनच राहिल्या. सुधाकरने त्यांना ऑटोत बसवलं. भिंगरी फाटकाच्या गजांतून तोंड बाहेर काढून परत सुरू झाली. ऑटो कोपऱ्यावर वळेपर्यंत ती बाईंवर जीव तोडून भुंकत होती, आणि बाई ऑटोतून मान बाहेर काढून, मागे पाहात, मनापासून हसत होत्या.